कव्हर लेटर कुणी वाचतं का हो? (सहा वर्षांच्या गॅपनंतरचा अर्ज)

सायलीचा_वेल | सोमवार, रात्री १०:४८

मंडळी, जरा मदत हवी आहे.

मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. २०१९ पर्यंत वाशीला एका कस्टम्स ब्रोकरकडे निर्यातीचं डॉक्युमेंटेशन बघायचे. नऊ वर्षं केलं. मग आईचं आजारपण, त्यात लेकाची शाळा, मागोमाग कोविड, असं करत करत सहा वर्षं घरातच गेली. आता आई नाही, लेक सातवीत आहे आणि मला परत कामाला लागायचंय.

सीबीडी बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग (मालवाहतुकीची व्यवस्था करून देणाऱ्या) कंपनीची जाहिरात पाहिली. काम अगदी माझं. पण खाली लिहिलंय, 'रिझ्युमेसोबत कव्हर लेटर जोडणे आवश्यक'. मागची नोकरी ओळखीतून लागलेली, तेव्हा असलं काही लिहावं लागलं नव्हतं. दोन रात्री बसून लिहिलं. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठी करून टाकते (जेएनपीटी म्हणजे आपलं न्हावा शेवा बंदर):

"आदरणीय महोदय/महोदया, आपल्या नामांकित संस्थेतील डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह या पदासाठी मी अर्ज करीत आहे. मी मेहनती, प्रामाणिक व मनमिळाऊ असून दडपणाखाली काम करण्याची मला सवय आहे. मला जेएनपीटीच्या कामकाजाची संपूर्ण माहिती आहे. काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे २०१९ ते २०२५ या काळात मी नोकरी करू शकले नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. आपण संधी दिल्यास मी तिचे सोने करीन."

दोन प्रश्न. हे खरंच कुणी वाचतं का? आणि गॅपचं काय करू?

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ११:०५

पहिल्याचं उत्तर: नाही. दुसऱ्याचं उत्तर: पहिलं उत्तर बघा.

बोकोबा_घणसोली | सोमवार, रात्री ११:१२

"मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ". ताई, फक्त 'रंग निमगोरा, उंची पाच फूट दोन' राहिलं. हे वाचून कंपनी पत्रिका मागेल.

सायलीचा_वेल | सोमवार, रात्री ११:१५

😂 खरंय. लिहिताना मलाही कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं.

कारकून_क्र_७ | मंगळवार, सकाळी ८:३०

महापेला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. अर्ज चाळणं हे माझ्या पोटापाण्याचं काम, त्यामुळे रिकामटेकडांना अर्धवट विरोध करतो.

पहिल्या फेरीत मी कव्हर लेटर उघडत नाही. रिझ्युमे बघतो: अनुभव, राहायला कुठे, नोटीस पिरियड किती, पगाराची अपेक्षा किती. मोठ्या कंपन्यांत त्याच्याही आधी सॉफ्टवेअरची चाळणी असते. म्हणून जाहिरातीतले कामाचे शब्द रिझ्युमेत जसेच्या तसे असलेले बरे. त्यांनी 'शिपिंग बिल' (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) लिहिलं असेल तर तुम्ही 'निर्यात कागदपत्रे' एवढंच लिहून थांबू नका.

लेटर उघडतो ते दोन वेळा. एक म्हणजे सारखेच चार रिझ्युमे हातात उरतात तेव्हा. दुसरं म्हणजे रिझ्युमेत काहीतरी अडतं तेव्हा. चार वर्षं एका क्षेत्रात आणि अर्ज भलतीकडे, माणूस नाशिकचा आणि अर्ज ऐरोलीला, किंवा तुमच्यासारखा गॅप. प्रश्न पडला की मी उत्तर शोधायला लेटर उघडतो. तिथे 'नामांकित संस्था' आणि 'सोने करीन' दिसलं की बंद करतो.

आणखी एक. मेलने अर्ज करत असाल तर मेलच्या अंगातच लिहा. कोऱ्या मेलला दोन फायली जोडून खाली 'प्लीज फाइंड अटॅच्ड' लिहिणारे खूप. दुसरी फाईल उघडायचा कंटाळा येतो हो, माणूस आहे मी पण.

निवृत्त_वागळे | मंगळवार, सकाळी ९:५०

मुलांनो, आमच्या वेळी याला नुसतं 'ॲप्लिकेशन' म्हणत. १९८३ साली मी आयटीआय करून बसलो होतो. नौपाड्यात टायपिंगच्या क्लासमध्ये एक मास्तर पानाला काही पैसे घेऊन अर्ज टाईप करून देत. मजकूर त्यांचा ठरलेला. सुरुवात 'आय बेग टू अप्लाय', शेवट 'युवर्स मोस्ट ओबिडियंटली'. मधे नाव आणि शिक्षण बदलायचं. असे वीसेक अर्ज मी वागळे इस्टेटच्या गेटागेटांवर वॉचमनच्या हातात दिले. एकाचंही उत्तर नाही.

एकविसाव्या वेळी मास्तर गावाला गेले होते. मग हातानेच लिहिला, आणि इंग्रजी बेताचं म्हणून चारच ओळी झाल्या. कॅपस्टन लेथ येतो. किसननगरला राहतो. तिसऱ्या पाळीला चालत येऊ शकतो. उद्यापासून येऊ शकतो.

परवा नाही, उद्याच बोलावलं. त्यांचा तिसऱ्या पाळीचा माणूस कल्याणहून यायचा आणि गाडी चुकली की मशीन बंद. हे मला नंतर कळलं, लिहिताना माहीत नव्हतं. तिथेच एकोणतीस वर्षं काढली.

मनीप्लांट | मंगळवार, सकाळी १०:०२

काका, "तिसऱ्या पाळीला चालत येऊ शकतो" याच्यापुढे सगळे कव्हर लेटरचे व्हिडिओ फिके!

अनुस्वार | मंगळवार, सकाळी १०:२०

विषयांतराबद्दल माफी, पण 'कव्हर लेटर'ला मराठी शब्द काय? आवरणपत्र भयानक आहे.

बोकोबा_घणसोली | मंगळवार, सकाळी १०:२४

मुखपत्र.

अनुस्वार | मंगळवार, सकाळी १०:२६

ते पक्षाचं असतं.

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी १०:३१

मुखपट्टी. कोविडनंतर कुणी वापरत नाही, अर्थही जुळतो.

मनीप्लांट | मंगळवार, सकाळी १०:४०

सोबतपत्र?

तुरभ्याची_तुळस | मंगळवार, सकाळी ११:१५

पाठराखीण! नवरीबरोबर सासरी जाते ती. रिझ्युमे बिचारा मान खाली घालून बसलेला असतो, त्याला बोलता येत नाही. 'आमच्या मुलीला अमुक येतं, तमुकची सवय नाही, जरा सांभाळून घ्या' हे पाठराखीण सांगते.

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ११:१८

तुळसबाई, शब्द मंजूर. पण पाठराखीण फार बोलायला लागली तर सासरचे वैतागतात, हेही लक्षात असू द्या.

शेवा_ते_ठाणे | मंगळवार, दुपारी १:४०

सायलीताई, याच लाइनमध्ये आहे म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महागात पडणारा शब्द 'दिलगीर' नाही, 'जेएनपीटी' आहे. तोंडी अजून आम्ही सगळे जेएनपीटीच म्हणतो, पण २०२१ च्या मेजर पोर्ट कायद्यानंतर ते जेएनपीए झालं. 'संपूर्ण माहिती आहे' असं लिहून पुढे जुनं नाव आलं की वाचणारा म्हणणार, बाई २०१९ मध्येच थांबल्या आहेत.

आणि त्याला नेमकी हीच भीती असणार. तुम्ही घरी का होता याच्याशी ऑपरेशन्सच्या माणसाला देणंघेणं नसतं. तुम्हाला आजचं काम येतं का, एवढंच त्याला हवं असतं. तुम्ही सोडलंत तेव्हा एमईआयएस ही निर्यातदारांना सवलत देणारी सरकारी योजना होती: माल गेल्यावर डीजीएफटीकडे (परकीय व्यापार महासंचालनालयाकडे) वेगळा अर्ज करून स्क्रिप, म्हणजे सवलतीचं पत्र, घ्यायची. १ जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी रोडटेप आलं. त्यात दावा शिपिंग बिलातच करायचा, प्रत्येक आयटमपुढे 'रोडटेप-वाय' टाकून. तो टाकायचा राहिला की निर्यातदार तुमच्या नावाने शंख करतो. क्रेडिट येतं आईसगेटच्या, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलच्या, लेजरमध्ये. हे तुम्हाला माहीत आहे का? असेल तर तेच लिहा. नसेल तर आधी ते शिका, पत्र नंतर.

दुसरं म्हणजे रोजची किती शिपिंग बिलं करत होता? कोणता माल? कोणत्या निर्यातदारांची? 'दडपणाखाली काम' म्हणजे नेमकं काय? महिनाअखेरीला गेट कट-ऑफच्या (बंदरात माल घेणं बंद होण्याच्या) आधी दोन तास काय चालतं ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यात होता हे दिसू दे.

सायलीचा_वेल | मंगळवार, दुपारी २:१०

राग नाही, उलट बरं वाटलं. कुणीतरी कामाबद्दल विचारलं.

माल मुख्यतः केमिकल्स. तळोजा आणि तुर्भ्याचे निर्यातदार. एरवी दिवसाला दहा-बारा, महिनाअखेरीला पंचवीस शिपिंग बिलं. रोडटेपबद्दल वाचलंय, आणि जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने गेल्या महिन्यात दोन शनिवार शेजारी बसवून दाखवलं. पण ते 'अनुभव' म्हणून कसं लिहू?

एक प्रसंग आठवतो. सगळ्यांची घाई चाललेली आणि चेकलिस्ट (फाइल करण्याआधी तपासायचा बिलाचा मसुदा) माझ्याकडे आली. इन्व्हॉइसवर ८८ ड्रम. वीस फुटी कंटेनर, २०० लिटरचे ड्रम. ते साधारण ८० च बसतात, चाळीस खाली, चाळीस वर. मी फोन लावला. फॅक्टरीतल्या मुलाने ० च्या जागी ८ दाबला होता. बिल तसंच फाइल झालं असतं तर दुरुस्तीत जहाज गेलं असतं. पण हे काय कव्हर लेटरमध्ये लिहिण्यासारखं आहे का? किरकोळ आहे.

शेवा_ते_ठाणे | मंगळवार, दुपारी २:१३

ताई!!! हेच लिहा!!!

कारकून_क्र_७ | मंगळवार, दुपारी २:३०

सहमत. मला ड्रममधलं ओ की ठो कळत नाही, पण ही बाई आकडे नुसते टाईप करत नाही, वाचते, एवढं मलाही कळलं.

ऐरोली_जेन_झी | मंगळवार, दुपारी ४:०५

एवढी मेहनत कशाला? एआयला जाहिरात आणि रिझ्युमे द्या, दहा सेकंदांत लेटर. मी सगळीकडे तेच पाठवतो.

कारकून_क्र_७ | मंगळवार, दुपारी ४:२२

माहीत आहे, मलाच येतात ती. हल्ली ढिगाने अर्ज 'ही संधी पाहून मी अत्यंत उत्साहित झालो' असेच सुरू होतात. नौपाड्याच्या टायपिंगच्या मास्तरांनी शाखा उघडली म्हणायची.

व्याकरण तपासायला वापरा, इंग्रजी सरळ करून घ्यायला वापरा. पण ८८ ड्रम त्याला कुठून माहीत असणार? ते तुम्हीच सांगायला हवं.

ऐरोली_जेन_झी | मंगळवार, दुपारी ४:३०

ओके, पॉइंट आहे. कबुली: गेल्या महिन्यात मी एक लेटर न वाचता पाठवलं, त्यात 'येथे कंपनीचे नाव लिहा' तसंच राहिलं होतं. 🙈

बोकोबा_घणसोली | मंगळवार, दुपारी ४:३३

मग? लिहिलं का त्यांनी?

पाटलीपाड्याचा_पोपट | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

जगातलं गाजलेलं कव्हर लेटर लिओनार्दो दा विंचीचं. साधारण १४८२ चं, मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला लिहिलेलं. चांगले दहा क्रमवार मुद्दे: हलके पूल बांधतो, तोफा करतो, बंद रणगाडीसारख्या गाड्या करतो, वेढ्यात खंदकाचं पाणी काढून टाकतो. चित्रकला अगदी शेवटी, आणि तीही जाता जाता.

म्हणजे साहेबाला काय हवंय ते आधी. युद्धाचे दिवस होते, त्याला चित्रकार नको होता. सगळ्यात हुशारी शेवटच्या भागात आहे: 'तुमच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्रॉन्झचा घोडा करता येईल', असं लिहिलंय. स्फोर्झाच्या मनात ते स्मारक होतंच. कंपनीचा अभ्यास करून लिहा म्हणतात तो हा.

रिकामटेकडा | मंगळवार, संध्याकाळी ७:२५

आणि लागली का नोकरी?

पाटलीपाड्याचा_पोपट | मंगळवार, संध्याकाळी ७:३२

लागली. १४९९ पर्यंत मिलानमध्ये होता. तोफांपेक्षा दरबारचे सोहळे आणि चित्रंच जास्त केली. घोड्याची मातीची प्रतिकृती झाली, पण ब्रॉन्झ तोफांकडे गेलं. घोडा काही झाला नाही.

निवृत्त_वागळे | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन एक आणि काम भलतंच. जुनीच रीत आहे तर.

मनीप्लांट | मंगळवार, रात्री ९:१५

मला गॅपबद्दल बोलायचंय, ते बाजूलाच राहिलं. 'दिलगीर' कशाबद्दल? आईचं केलं त्याबद्दल? माझाही पाच वर्षांचा गॅप होता आणि प्रत्येक इंटरव्ह्यूत गुन्हेगारासारखी बसायचे. सायली, ते वाक्य काढून टाक. गॅपचा उल्लेखच नको. विचारलं तर सांगायचं.

कारकून_क्र_७ | मंगळवार, रात्री ९:४०

'दिलगीर' काढा, एकदम मान्य. पण उल्लेखच नको हे पटत नाही. रिझ्युमेतल्या तारखा मला दिसणारच. सहा वर्षांचं भोक दिसतं आणि पत्रात त्यावर चकार शब्द नाही, मग मी मनाने भरतो. आणि मी चांगलं भरत नाही, अनुभवाने सांगतो.

मनीप्लांट | मंगळवार, रात्री ९:४४

चांगलं भरत नाही हा दोष तुमचा की तिचा?

कारकून_क्र_७ | मंगळवार, रात्री ९:५२

माझा. पण अर्ज तिचा आहे.

तुरभ्याची_तुळस | मंगळवार, रात्री १०:०५

भांडू नका. एक वाक्य लिहायचं, आजाराचं नाव नाही, रडगाणं नाही, माफी नाही. 'घरच्या जबाबदारीमुळे २०१९ ते २०२५ काम थांबवलं होतं, आता पूर्णवेळ उपलब्ध आहे.' आणि लगेच पुढच्या वाक्यात ते दोन शनिवार. वाचणारा गॅपवर रेंगाळतच नाही.

मनीप्लांट | मंगळवार, रात्री १०:११

हे चालेल. कारकून, तुमच्यावरचा राग मात्र तसाच आहे.

सायलीचा_वेल | बुधवार, दुपारी १२:५०

लेक शाळेत गेल्यावर परत लिहिलं. बघा:

"डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करत आहे. वाशीच्या कस्टम्स ब्रोकरकडे नऊ वर्षं मी तळोजा आणि तुर्भ्याच्या केमिकल निर्यातदारांची शिपिंग बिलं केली, महिनाअखेरीला दिवसाला पंचवीसपर्यंत. एकदा ८८ ड्रमचं इन्व्हॉइस चेकलिस्टमध्येच थांबवलं, कारण वीस फुटी कंटेनरमध्ये ते बसणार नव्हते. चूक फाइल होण्याआधी दुरुस्त झाली आणि माल त्याच जहाजाने गेला. घरच्या जबाबदारीमुळे २०१९ ते २०२५ काम थांबवलं होतं; आता पूर्णवेळ उपलब्ध आहे. या काळात एमईआयएस जाऊन रोडटेप आलं. त्यातली शिपिंग बिलं जुन्या सहकाऱ्याबरोबर बसून समजून घेतली आहेत. फेसलेस असेसमेंटचाही अभ्यास केला आहे. आपल्या वेबसाइटवर केमिकल कार्गोचा वेगळा विभाग दिसला, म्हणून मुद्दाम इथे अर्ज करत आहे. ठाण्याला राहते, ट्रान्स हार्बर लोकलने बेलापूरला थेट येता येतं. लगेच रुजू होऊ शकते."

शेवा_ते_ठाणे | बुधवार, दुपारी १:२०

झकास. एकच: फेसलेस असेसमेंटचं वाक्य काढा. ती ऑनलाइन तपासणी आयातीची आहे, बिल ऑफ एन्ट्रीची (आयातीच्या कागदाची). निर्यातीच्या पदाला त्याचा संबंध नाही. भारी शब्द म्हणून घातलंत ते कळतं, आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल.

सायलीचा_वेल | बुधवार, दुपारी १:२४

पकडलंत. 🙏 काढलं.

निवृत्त_वागळे | बुधवार, दुपारी १:४०

शेवटची दोन वाक्यं वाचून किसननगर आठवलं.

अनुस्वार | बुधवार, दुपारी २:०५

फाईलला नाव नीट द्या. माझ्या भाच्याने 'रिझ्युमे_फायनल_फायनल_खरंच_फायनल' पाठवला होता. आपलं नाव आणि पद, बस. आणि पीडीएफ करा. वर्डची फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की ओळी नाचतात.

सायलीचा_वेल | बुधवार, रात्री ९:३०

पाठवलं. त्यांच्या पोर्टलवरून, दोन्ही पीडीएफ जोडून. आता मिसळ खायला मोकळी.

बोकोबा_घणसोली | बुधवार, रात्री ९:३२

मामलेदारची? तिखट की मध्यम? याच्यावर वेगळा धागा लागेल.

सायलीचा_वेल | पुढचा मंगळवार, संध्याकाळी ६:१५

अपडेट. आज त्यांच्या ऑफिसातून फोन आला. मी धडधडत उचलला. म्हणाल्या, "मॅडम, तुमचा रिझ्युमे आलाय, पण कव्हर लेटर दिसत नाही. पोर्टलवर अपलोड झालेलं नाही बहुतेक. मेलने पाठवाल का?"

एवढी दोन रात्री + तुमचं सगळ्यांचं डोकं, आणि ते पोहोचलंच नव्हतं!

कारकून_क्र_७ | पुढचा मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मेलच्या अंगात लिहा, मेलच्या अंगात लिहा, घसा कोरडा केला मी.

सायलीचा_वेल | पुढचा मंगळवार, संध्याकाळी ६:४८

या वेळी अंगातच लिहिलं. अर्ध्या तासात उलट मेल: गुरुवारी साडेअकराला बोलावलंय.

रिकामटेकडा | पुढचा मंगळवार, संध्याकाळी ७:०२

म्हणजे वाचलं?

सायलीचा_वेल | पुढचा मंगळवार, संध्याकाळी ७:०५

वाचलं की नाही माहीत नाही हो. पण नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणजे कुणीतरी शोधत तरी होतं.